मनगटावरची टिकली

विश्राम तांडेल हा आमच्या पाचजणांतला सगळ्यात गरीब स्वभावाचा माणूस. हे सुरुवातीलाच सांगून ठेवते, कारण पुढची हकिगत ऐकताना तुम्हालाही आमच्यासारखंच वाटायला लागेल की त्याच्यात काहीतरी खोट असणारच. ती नव्हती. आणि हे सगळ्यात आधी मला कळायला हवं होतं, कारण ज्या वस्तूनं त्याच्यावर ठपका ठेवला ती मीच बनवली होती.

मी हेमांगी वाघधरे. जीवरसायनातली डॉक्टर. बोलायला फटकळ, आणि त्याचा मला थोडा गर्वही होता. खरं ते तोंडावर बोलते, असं मी सगळ्यांना सांगत फिरायचे. किती खरं बोलले ते पुढे बघालच.

रत्नागिरीच्या किनाऱ्यापासून खूप लांब, भर समुद्रात, नव्वद मीटर खोल तळावर एक पोलादी घर ठेवलं होतं. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक होतं, आम्ही त्याला तळघर म्हणायचो. तीन खोल्या. एक राहायची, एक यंत्रांची आणि तिसरी ओली खोली. ओल्या खोलीच्या जमिनीला विहिरीसारखं भोक, आणि त्यात थेट समुद्र. आतल्या हवेचा दाब बाहेरच्या पाण्याइतकाच ठेवलेला, म्हणून पाणी वर चढत नसे. पाणबुड्यानं त्या भोकातून बाहेर जायचं, समुद्रातल्या केबलींची दुरुस्ती करायची आणि परत यायचं. महिनाभर माणसं तिथे राहू शकतात का, हे बघायचं होतं.

आता तुम्ही म्हणाल, राहवेना तर सरळ पोहत वर यायचं. नाही हो. एवढ्या खोलीवर राहिलं की दाबाखालचा वायू रक्तात, चरबीत, हाडांत मुरतो. तो पाच दिवस हळूहळू बाहेर काढावा लागतो, आणि त्यासाठी जहाजावर एक बंद टाकी असते. घाईनं कुणी तसाच वर गेला, तर सोड्याची बाटली फोडल्यावर होतं तसं रक्त फसफसतं आणि माणूस पाण्याबाहेर डोकं काढायच्या आत मरतो. जहाज नसेल तर आम्ही कायमचेच तळाला.

शिवाय हेलियम. एवढ्या दाबाखाली साधी हवा डोक्यात चढते, म्हणून नायट्रोजनच्या जागी हेलियम भरतात. त्याचे दोन त्रास. अंगातली ऊब तो झपाट्यानं पळवतो, खोली तीस अंशांवर ठेवली तरच बरं वाटतं. आणि दुसरा त्रास आवाजाचा. हेलियममध्ये बोललं की आवाज चिरका, बारीक, कार्टूनमधल्या बदकासारखा येतो. तो सरळ करून ऐकवणारे हेडसेट आमच्याकडे होते, म्हणून पहिले चार आठवडे आम्ही माणसांसारखे बोललो.

आम्ही पाचजण. गिरीधर सावे, नौदलातून निवृत्त झालेले, तळघराचे प्रमुख. त्यांना सगळे साहेब म्हणत. फ्रान्सिस डाबरे, वसईचा पाणबुड्या, आडदांड आणि हसरा. शर्वाणी, सत्तावीस वर्षांची, हवा आणि यंत्रं सांभाळणारी, मला ताई म्हणायची. मी. आणि विश्रामकाका, जातीचे कोळी, एकोणसाठ वर्षांचे. चाळीस वर्षं पाणबुड्याचं काम करून आता स्वयंपाक आणि बाकीची पडेल ती कामं करायचे. मला बाय म्हणायचे.

बरं, माझी टिकली. दहा वर्षं मी एकाच प्रश्नावर घालवली. माणूस हात उगारतो, त्याच्या आधी त्याच्या शरीराला ते कळलेलं असतं का? असतं. राग आणि भीती चढायला लागली की घामात तीन-चार रेणू वाढतात, आणि भांडण पेटायच्या चांगले तासभर आधी वाढतात. ते पकडणारा रंग मी कागदाच्या एका गोल ठिपक्यात भरला. मनगटाच्या आतल्या बाजूला चिकटवायचा. हिरवा म्हणजे माणूस शांत. पिवळा म्हणजे जरा सांभाळा. लाल म्हणजे याला थोडा वेळ बाजूला बसवा. इलेक्ट्रॉनिक पट्टा नाही, कारण हेलियम घड्याळांतसुद्धा शिरून त्यांना बिघडवतो, कागदाला मात्र काही होत नाही. आकार कपाळावरच्या टिकलीएवढा, म्हणून नाव टिकली. तळघरात ती पास झाली की शाळा, तुरुंग, कारखाने, सगळीकडे जाणार होती.

एकविसाव्या दिवशी वरून निरोप आला. चक्रीवादळ वळलंय, जहाजाला हटावं लागतंय, नाळ सोडतोय. नाळ म्हणजे जहाजातून आमच्यापर्यंत येणारी जाड दोरी. वीज, वायू, फोन, सगळं तिच्यातून.

"सहा दिवसांत परत येतो," वरचा माणूस म्हणाला. तळघरातला साठा अठरा दिवस पुरणार होता, म्हणजे घाबरायचं कारणच नव्हतं.

सहा दिवस झाले. सात झाले. आठव्या दिवशी साहेबांनी वीज वाचवायला हेडसेट बंद केले.

तेव्हापासून आमची खरी बोबडी वळली. पहिल्या दिवशी एकमेकांचे चिरके आवाज ऐकून हसलो. दुसऱ्या दिवशी शर्वाणी त्या बदकाच्या आवाजात म्हणाली, "ताई, आपण मरणार का?" आणि मला हसू फुटलं. खरंच फुटलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी तोंड फिरवलं. त्यानंतर कुणी गरजेपलीकडे बोलेना. खाणाखुणा करायच्या, बोट दाखवायचं, हिसकायचं.

आम्ही दात घासणं सोडलं. ताटं सोडली, डब्यातूनच हातानं खायला लागलो, तेही एकमेकांकडे पाठ करून. शर्वाणी बिस्किटांचा पुडा पांघरुणात घेऊन बसायची आणि कुणी जवळून गेलं की घशातून आवाज काढायची. चांगली शिकलीसवरलेली पोर हो! फ्रान्सिस पाना उशाशी घेऊन झोपायला लागला. आणि एका दुपारी, लोणच्याच्या बरणीवरून, फ्रान्सिसनं साहेबांच्या दंडाला चावा घेतला. अगदी रक्त येईपर्यंत. काकांनी दोघांना वेगळं केलं. मी भिंतीला पाठ लावून उभी होते.

पण फ्रान्सिसची टिकली त्याच्या तासभर आधी लाल झाली होती. मी पाहिली होती, बोललेही होते. साहेबांनी दंडाला फडकं बांधता बांधता माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, ही तुमची वस्तू खोटं बोलत नाही."

"नाही बोलत," मी म्हणाले. आणि खोटं कशाला सांगू, त्या सगळ्या घाणीत मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून नियम झाला. सकाळ-संध्याकाळ सगळ्यांनी गोल उभं राहायचं आणि मनगटं पुढे करायची. लाल निघेल त्यानं तासभर ओल्या खोलीत बसायचं. तिथे शेगडी नव्हती. हवा चोवीस अंश. किनाऱ्यावर चोवीस अंशात आपण पंखा लावून झोपतो, पण हेलियममध्ये तेवढ्यात दातावर दात वाजतात, आणि चार-पाच तास काढले तर माणूस गारठून जातो. फ्रान्सिस एकदा बसून आला, एकदा साहेब स्वतः. मनगटं बघायच्या वेळी कुणी श्वास घेत नसे. मी एकेक हात उलटा करून बघायचे आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघायचे. देवाच्या अंगाऱ्यासाठी उभं राहावं तसे.

काका मात्र रोज हिरवे. ते अजूनही भात शिजवायचे, तोंडानं काहीतरी गुणगुणायचे आणि रोज दुपारी चुन्याचा डबा बदलायचे. आपण सोडलेला वाईट वायू शोषून घ्यायला हवेच्या यंत्रात चुन्याच्या दाण्यांचा डबा असतो. जुने दाणे काढायचे, नवे भरायचे. हाताला आग होते म्हणून कुणी ते काम घेत नसे. काका घेत.

नाळ सुटल्यापासून चौदाव्या दिवशी सकाळी खाण्याचा डबा उघडताना पत्र्यानं काकांचं मनगट कापलं. टिकलीच्या अगदी खाली. आमच्याकडचं बँडेज दमट हवेत कुजून गेलं होतं. मी त्यांच्या मसाल्याच्या डब्यातली चिमूटभर हळद घेतली आणि जखमेवर दाबली. आपल्याकडे कापलं की हात आपोआप हळदीकडे जातो, मग पीएच.डी. असली म्हणून काय झालं.

"आता रोज सकाळी मी लावीन," मी म्हणाले.

"तू आहेस म्हणून बरं आहे, बाय," काका त्यांच्या बारीक आवाजात म्हणाले.

त्याच दिवशी काका भिंतीला कान लावून बसले. बराच वेळ. मग एकदम उठले, डोळे चमकत होते.

"जहाज वर फिरतंय. पंख्याचा आवाज येतोय."

आम्ही सगळ्यांनी कान लावले. मला माझ्याच रक्ताचा आवाज ऐकू आला, दुसरं काही नाही.

"आमचा आजा वल्ह्याचा दांडा पाण्यात सोडून दुसऱ्या टोकाला कान लावायचा," काका सांगायला लागले. "घोळ मासा बोलतो, तो ऐकायला. मला शिकवलंय त्यानं. जहाज आहे. आपल्याला शोधतंय, सापडत नाही आपण त्याला. ठोकायला पाहिजे."

आणि त्यांनी फ्रान्सिसचा पाना उचलून भिंतीच्या पोलादी कण्यावर दाणकन मारला. एक, दोन, तीन. थांबून परत एक, दोन, तीन.

अहो, तो आवाज! दहा पट दाबाखालच्या बंद डब्यात पोलादावर पोलाद. शर्वाणी कान दाबून किंचाळायला लागली. भिंत फुटणार, पाइप तुटणार, पाणी आत येणार, हेच आमच्या डोक्यात. फ्रान्सिसनं झडप घालून पाना हिसकावला. काका परत परत सांगत होते, जहाज आहे, जहाज आहे, आणि ते सगळं बदकाच्या आवाजात. वेड लागल्यासारखं वाटत होतं.

"मनगटं," साहेब म्हणाले.

संध्याकाळची वेळ झालीच होती. मी काकांचा हात उलटा केला. टिकली लाल होती.

लाल जरासा वेगळा होता, विटकरीकडे झुकणारा, आणि तो टिकलीच्या खालच्या कडेकडून वर चढलेला होता. हे मला दिसलं. पण मला वाटलं, आधी कधी न चिडलेला माणूस एकदम पेटला, तर रंग असाच चढत असेल. मी बोलले नाही.

काका तासभर ओल्या खोलीत बसले. कुरकुर न करता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना नवी टिकली लावली, जखमेवर नवी हळद दाबली. दुपारी त्यांनी चुन्याचा डबा बदलला. मग भिंतीला कान लावला आणि हाताच्या मुठीनं ठोकायला लागले. संध्याकाळी टिकली लाल. त्या वेळी त्यांना तीन तास बसवलं.

तिसऱ्या दिवशी तेच झालं. सकाळी हळद, दुपारी चुना, संध्याकाळी लाल. बाकी आम्ही चौघं हिरवे.

"ही चूक असू शकते का, मॅडम?" साहेबांनी मला विचारलं. सगळे माझ्याकडे बघत होते. फ्रान्सिस पाना घेऊन काकांच्या मागे उभा होता. काकाही माझ्याकडेच बघत होते, आणि त्यांच्या तोंडावर भीती नव्हती. मी त्यांना सोडवणार अशी त्यांची खात्री होती.

मला सांगता आलं असतं की रंग वेगळा दिसतोय. पण टिकली चुकते असं म्हटलं तर मग आमच्याकडे काय उरलं? पाना उरला. आणि त्या खोलीत सगळ्यात कमी ताकद माझ्यात होती. टिकली होती म्हणून मला जागा होती.

"नाही," मी म्हणाले. "चूक नाही."

साहेबांनी मान हलवली. "प्राणवायू दोन दिवसांचा राहिलाय. चारच माणसं असली तर अडीच. शिवाय हा माणूस ठोकून ठोकून आपल्याला बुडवणार. जहाज येईपर्यंत ओल्या खोलीतच राहू दे त्याला."

जहाज येईपर्यंत म्हणजे काय, ते सगळ्यांना कळलं. फ्रान्सिसनं काकांच्या दंडाला धरलं. काकांनी झटापट केली नाही. ते फक्त "बाय?" म्हणाले. मग त्यांना आत ढकललं आणि दार लोटलं. त्या दाराला काचेची लहान खिडकी आणि मोठं चाक होतं, ते फिरवलं की दार बाहेरून बंद.

"टिकली तुमची," साहेब मला म्हणाले. "चाक तुम्ही फिरवा."

मी फिरवलं.

आणि आता ज्या गोष्टीची मला आजही भीती वाटते ती सांगते. सगळं एकदम शांत झालं. खांद्यावरून ओझं उतरावं तसं. शर्वाणीनं कित्येक दिवसांनी केस विंचरले आणि पुडा उघडून सगळ्यांना बिस्किटं दिली. फ्रान्सिसनं पाना खाली ठेवला. भात काकांनीच शिजवून ठेवलेला होता. तो आम्ही ताटांत वाढून घेतला, गोल बसून, एकमेकांना "घे ना, अजून घे" म्हणत खाल्ला. साहेबांनी काहीतरी विनोद केला. मी हसले. दाराच्या पलीकडून सावकाश ठोकल्याचा आवाज येत होता, एक, दोन, तीन, आणि आम्ही जेवत होतो.

हात धुताना मी मनगट पाहिलं. टिकली हिरवीगार होती. महिन्याभरात एवढी हिरवी मी कुणाचीच पाहिली नव्हती.

चुन्याचा डबा रात्रीही बदलावा लागतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. काका दोन वेळा बदलायचे आणि आम्हाला माहीतही नव्हतं. हवेच्या यंत्राची सूचना वाजायला लागली, म्हणून मीच गेले. जुने दाणे मुठीनं काढले. चुन्याची पूड बोटांना लागली. आणि बघता बघता माझी दोन बोटं लाल झाली. सकाळी काकांच्या जखमेवर हळद दाबली होती ती हीच दोन बोटं.

मी तशीच खाली बसले. पाय मुरगळला की आई हळद-चुन्याचा लेप गरम करून लावायची. पिवळी हळद चुना पडला की लालभडक व्हायची, आणि ते बघायला मला इतकं आवडायचं की मी खोटंखोटं लंगडायचे. अहो, कुंकू यातूनच करतात! आपल्याकडच्या कुठल्याही बाईला ठाऊक असलेली गोष्ट. माझ्या टिकलीच्या कागदात खालून हळद शोषली जात होती, वरून चुना पडत होता, आणि मी तीन दिवस त्याचा अर्थ राग असा लावत होते. काका एक क्षणही चिडले नव्हते.

मी धावत राहत्या खोलीत गेले. बोटं दाखवली. सगळं सांगितलं, धापा टाकत, चिरक्या आवाजात.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "असेल," ते म्हणाले. "मग?"

"मग म्हणजे? काकांचा काही दोष नाही! दार उघडा!"

"मॅडम, आता सगळे हिरवे आहेत," साहेब मला समजावायला लागले. त्यांचा चेहरा खरोखर प्रेमळ दिसत होता. "महिन्यात पहिल्यांदा सगळे एकत्र जेवले. कशाला बिघडवता?"

मी शर्वाणीकडे पाहिलं. "शर्वाणी, तू तरी सांग गं."

शर्वाणी बिस्किट खात होती. तिनं मान वर केली नाही. "ताई, बसा ना," ती म्हणाली. "किती छान वाटतंय."

त्यांना कळत नाहीये असं मला वाटलं, ही माझी शेवटची चूक. मी मसाल्याच्या डब्यात बोट घातलं, हळद माझ्या मनगटावर फासली, तिच्यावर चुना चोळला. "हे बघा! बघा कशी होते ती!"

टिकली लाल झाली. मी हात उंच करून सगळ्यांना दाखवला.

फ्रान्सिस उठला. "मॅडम लाल झाल्या," तो म्हणाला.

"अरे, आत्ता तुझ्यासमोर मी..."

"लाल झाल्या," शर्वाणी म्हणाली. मग साहेब म्हणाले. तिघं मिळून तेच म्हणायला लागले, बारीक आवाजात, लहान मुलांनी चिडवावं तसं, आणि पुढे सरकायला लागले. त्यांना हळद दिसत होती. चुना दिसत होता. तरी ते पुढे येत होते. मी आयुष्यात इतकी कधी घाबरले नाही. मी पळाले ती ओल्या खोलीच्या दाराकडेच, दुसरीकडे जायला जागाच नव्हती. चाक फिरवून मी स्वतः आत गेले, आणि माझ्यामागे त्यांनी ते परत फिरवलं.

काका भोकाच्या कडेला पाणबुड्याचा रबरी सूट अंगावर ओढून बसले होते. ओठ निळे. हातात एक लोखंडी कडी होती, तिनं ते ठोकत होते. मला पाहून थांबले.

"तुला पण?" ते म्हणाले.

मी त्यांच्या शेजारी सुटात शिरले. त्यांचे हात इतके गार होते की कडी परत परत सुटत होती. मग मी ठोकायला लागले. एक, दोन, तीन. थांबून परत. काका भिंतीला कान लावून मला सांगत होते, लांब गेलं, आता वळलं, आता जवळ आलं. मला काहीच ऐकू येत नव्हतं. मी त्यांच्यावर विश्वास ठेवून ठोकत राहिले. मध्येच त्यांचं बोलणं बंद झालं, आणि मी एका हातानं ठोकत दुसऱ्या हातानं त्यांची छाती चोळत होते.

तीन तास चाळीस मिनिटं. मग भोकातल्या काळ्या पाण्यात उजेड पडला.

आमचा पत्ता सांगणारं बाहेरचं यंत्र वादळात वाळूखाली गाडलं गेलं होतं. जहाज पाच दिवस आमच्या डोक्यावर घिरट्या घालत होतं. त्यांनी पाण्यात सोडलेल्या यंत्राला ठोकल्याचा आवाज ऐकू आला, आणि त्या आवाजाच्या मागानं ते खाली आले.

नंतरचे पाच दिवस आम्ही पाचहीजण जहाजावरच्या त्या बंद टाकीत एकत्र होतो. वायू बाहेर काढायला दुसरा उपायच नव्हता. हेडसेट परत मिळाले होते. "काका, चहा घेणार का?" साहेब विचारायचे. फ्रान्सिस त्यांच्या अंगावर पांघरूण नीट करायचा. शर्वाणी मला ताई म्हणायची. काचेतून डॉक्टर बघत, आणि सगळ्यांची मनगटं हिरवी. मी पाच दिवस डोळा मिटला नाही.

चौकशी समिती बसली. सगळ्यांनी नीटनेटकी उत्तरं दिली. अहवालाचा मसुदा माझ्याकडे आला आहे. त्यात लिहिलंय की टिकलीनं एक अपवाद सोडून प्रत्येक वेळी अचूक काम केलं, अपवाद हळदीमुळे झाला, तेव्हा हळदीला न जुमानणारा रंग वापरावा आणि पुढच्या वर्षीपासून शाळांना द्यावी. मी सही केली की झालं. चाक फिरवताना आमच्या टिकल्या कुठल्या रंगाच्या होत्या, हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. मी, खरं ते तोंडावर बोलणारी!

सहीऐवजी ही हकिगत मी समितीला पाठवते आहे. का पाठवते ते सांगते.

गेल्या आठवड्यात मी काकांच्या गावी गेले. त्यांच्या हाताची बोटं अजून बधिर आहेत, कप दोन्ही तळव्यांत धरावा लागतो. काकूंनी चहा आणून दिला आणि त्या आत गेल्या. आम्ही पडवीत बसलो होतो. हळद आणि चुन्याचं मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, माफी मागितली, रडले. ते मान हलवत राहिले.

"हळदीचं जाऊ दे, बाय," ते म्हणाले. "तुझ्या हातून चुकून झालं ते. मला एकच सांग. दार लावताना चाक तू फिरवलंस ना? काचेतून दिसलीस."

"हो."

"तेव्हा तुझी टिकली कुठली होती?"

खोटं बोलायला एक क्षण पुरला असता. ते सोपंही होतं, कारण त्यांना दुसरंच ऐकायचं होतं हे मला दिसत होतं.

"हिरवी," मी म्हणाले.

काकांनी कप खाली ठेवला.

"मला वाटलं होतं," ते म्हणाले, "निदान पिवळी तरी असेल."